लग्नाच्या मांडवातला महासंघ

देशाचे खेळ दिल्लीतून चालतात असा पुष्कळांचा समज आहे. असू द्या. भारतीय चाकदौड महासंघ मात्र जुन्या जालन्यात, माझ्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीतून चालायचा. चालायचा म्हणजे अक्षरशः डोक्यावरून. वर कार्यकारिणीची बैठक भरली की माझ्या छताची माती खाली शिवायला घेतलेल्या शेरवानीवर पडायची, आणि खेळाचा विकास जोरात सुरू आहे हे मला ब्रश मारता मारता कळायचं.

या महासंघाचे संस्थापक महासचिव धर्मराज सर. पेशानं बदनापूरच्या एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक. सकाळच्या गाडीनं जाणार, संध्याकाळच्या गाडीनं येणार आणि मधल्या वेळात पोरांना सावधान-विश्राम करायला लावणार. एवढ्यावर कुणाही मास्तरानं समाधान मानलं असतं. पण सरांच्या अंगात देश शिरला होता, आणि तो काढायचा उतारा अजून निघालेला नाही.

मी फहीम. या महासंघाचा सहसचिव. माझी निवड एकमतानं झाली, कारण पदाधिकाऱ्यांचे ब्लेझर शिवायचे होते आणि शिंपी घरचा असलेला बरा असं सगळ्यांना वाटलं. निळं कापड, वरच्या खिशावर जरीचं चाक आणि खाली पद. पहिला ब्लेझर मी सरांचा शिवला. जरीत 'महासचिव' ही अक्षरं भरताना माझे डोळे दुखले होते. सरांनी तो घातला, माझ्या आरशापुढं उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

आता चाकदौड म्हणजे काय ते सांगतो, कारण ते सांगायला महासंघाच्या नियमावलीला चौसष्ट पानं लागतात. सायकलची जुनी रिम घ्यायची. तिचे स्पोक काढायचे, मधला हब काढायचा. उरलेलं कडं काठीनं ढकलत पळायचं. पडलं की बाद. संपला खेळ. सहा वर्षांच्या पोराला तो पळता पळता समजतो. नियमावली समजायला मात्र वकील लागतो, आणि तोही सरांच्या चुलतभावाचा जावई आहे.

सरांचं गाव परतूरजवळ, रुळाच्या कडेला. लहानपणी हा माणूस रिम घेऊन मालगाडीबरोबर पळायचा म्हणे. त्या गावचे लोक अजून सांगतात की धर्माची रिम बांधावरूनसुद्धा पडत नव्हती. मला आधी वाटायचं हे सगळं महासचिव झाल्यावरचं कौतुक आहे. पण एकदा आमच्या गल्लीतल्या इस्माईलभाईंच्या सायकल दुकानापुढं सरांनी नवी काढलेली रिम सहज म्हणून सोडली आणि भर बाजारातून, रिक्षा, हातगाडी, म्हैस, सगळं चुकवत पार टोकापर्यंत नेऊन परत आणली. पोट सुटलेलं, पायात बूट. चेहरा मात्र दहा वर्षांच्या पोराचा. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा आवडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांत्रिक समितीची उपसमिती नेमली आणि माझं मत परत ठिकाणावर आलं.

खेळ वाढवायचा म्हणजे खेळाडू वाढवायचे, असं आपल्यासारख्या अडाण्यांना वाटतं. सरांनी राज्यं वाढवली. राष्ट्रीय म्हणवून घ्यायचं तर राज्यं पाहिजेत, आणि परराज्यात आपलं कोण असतं? सोयरेच असतात. बहीण बिदरकडं दिलेली, म्हणून कर्नाटकचे अध्यक्ष तिचे मालक भुजंगराव. बायकोचा भाऊ सर्जेराव निजामाबादला मोटारपंपाचं दुकान टाकून बसलेला, म्हणून तेलंगणा त्याचं. पुतण्या बबलू सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला लागला आणि लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात गुजरात राज्याचा अध्यक्ष झाला. त्याला अजून राहायला खोली मिळाली नव्हती. दिल्ली सांभाळायला भाचा कल्याण होता, तो तिथं मोठ्या परीक्षेची तयारी करत होता. अजून करतोच आहे. राष्ट्रीय अध्यक्ष सरांचे चुलत सासरे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं ते घोडंही कार्यकारिणीत घेतलेलं होतं.

एवढी राज्यं एकत्र यायची म्हणजे प्रवास आला. सरांनी त्यावरही तोड काढली. घरात जे लग्न निघेल त्या लग्नात महासंघाची वार्षिक सभा. सगळे येणारच होते. हळद लागली की अहवालवाचन, जेवणाच्या पंगती उठल्या की ठराव. एकदा परतूरला वरात दारात येईपर्यंत एक घटनादुरुस्ती झाली होती. बँडवाले आले म्हणून शेवटचं कलम राहिलं, ते पुढच्या बारशाला घेतलं.

तुम्ही हसाल. मीही हसत होतो. पण या सगळ्या तमाशाच्या पोटात एक खरी गोष्ट होती. ती म्हणजे इस्माईलभाईंची फलक.

फलक बापाच्या दुकानातल्या रिमा पळवतच मोठी झाली. आता एकोणीस वर्षांची आहे. ती पळते तेव्हा रिम तिच्या पुढं नसते, सोबत असते. महासंघाच्या तीन राष्ट्रीय स्पर्धा तिनं जिंकल्या. गेल्या वर्षी पोलीस भरतीला खेळाडूंच्या रांगेत उभी राहिली आणि प्रमाणपत्र पुढं केलं. टेबलावरच्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं. "चाकदौड? बेटा, हे काय असतं?" मागची सगळी रांग हसली. दिल्लीची मान्यता नसलेल्या खेळाचं प्रमाणपत्र भिंतीला लावायच्या कामाचं असतं, हे तिला तिथं समजलं.

त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली. सर बदनापूरहून येऊन चहा पीत होते. तिनं प्रमाणपत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"सर, हे तुमच्याजवळच राहू द्या. मान्यता आली की द्या."

रागावली असती तर सरांनी समजूत घातली असती. ती नुसतं बोलून निघून गेली. सरांनी चहा तसाच ठेवला. नंतर मला म्हणाले, "फहीमभाई, ह्या पोरीला म्या फसवलं का हो?" मी सुईत दोरा ओवत राहिलो. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती.

तेव्हापासून सर दिल्लीच्या मागं लागले. शेवटी उत्तर आलं: राष्ट्रीय स्पर्धा घ्या, आमचा निरीक्षक येईल, कमीत कमी आठ राज्यं मैदानात दिसली पाहिजेत. राज्यं मोजून आठच होती. स्पर्धा जालन्यातल्या एका शाळेच्या मैदानावर ठरली. आणि तिच्या महिनाभर आधी सरांच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं लग्न होतं. अर्थात वार्षिक सभाही.

लग्न जालन्यातल्याच एका मंगल कार्यालयात होतं. आमच्याकडं लग्नात मुहूर्त टळला तरी चालतो, सत्कार टळून चालत नाही. माइकवरून नाव पुकारायचं, माणसानं लाजत लाजत स्टेजवर यायचं, फेटा बांधून घ्यायचा, फोटो काढायचा. कुणाचा फेटा आधी आणि कुणाचा नंतर यावर घराण्यांची बोलणी बंद होतात. नवरीच्या मामाचा मान तर पहिला. मुहूर्ताला नवरीला बोहल्यावर आणतो तोच. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. देशाच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, किंवा तो विसरला. कारण फेट्यांची यादी सरांनी महासंघाच्या शिष्टाचाराप्रमाणं केली होती. आधी राष्ट्रीय अध्यक्ष, मग राज्यं, वर्णानुक्रमे. आंध्रचे अध्यक्ष आले नव्हते.

कर्नाटक. भुजंगराव हसत आले, फेटा बांधून गेले. गुजरात. बबलू केसांवरून हात फिरवत आला. मी सर्जेरावांच्या शेजारीच बसलो होतो. ते उठायच्या बेतात गुडघ्यावर हात ठेवून होते. बबलूचं नाव ऐकलं आणि तो हात तसाच राहिला.

"फहीमभाई," ते हळूच म्हणाले, "ह्या पोट्ट्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. त्याला माझ्या आधी?"

"गुजरात आहे ना," मी म्हणालो. "ग आधी येतो, त नंतर." हे बोलायला नको होतं, पण खरं होतं.

मग गोवा झालं. मग छत्तीसगड. तेलंगणा पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. सर्जेराव बाहेर आपल्या जीपमध्ये काचा वर करून बसले होते.

इकडं भटजींनी आवाज दिला, "मामा, नवरीला आणा." मामा काही येईनात. दुर्गाबाई वहिनी म्हणजे सरांची बायको, धावत भावाकडं गेल्या. काच खाली आली नाही. सर गेले. तरी आली नाही. अखेर वहिनींच्या एका मावसभावानं प्रियदर्शनीला बोहल्यावर नेलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी सगळ्या मांडवानं पाहिलं. नंतर पाया पडताना ती बापाला म्हणाली, "पप्पा, तुमच्या महासंघाचं लग्न झकास लागलं. माझं राह्यलं."

सरांनी हातातली फेट्यांची यादी दुमडून खिशात घातली. 

आठ दिवसांत निजामाबादहून बातमी आली. सर्जेरावांनी दुसरा राष्ट्रीय महासंघ काढला. आंध्र त्यांच्याबरोबर गेलं, कारण आंध्र म्हणजे त्यांचाच मेहुणा आणि दुकानातला भागीदार. देशाला आता चाकदौडीचे दोन महासंघ झाले. रिम मिळायची मारामार आणि महासंघ दोन. विकास म्हणतात तो हाच असावा. पण सरांकडं राज्यं उरली सहा, आणि दिल्लीला हवी होती आठ.

वहिनींनी नवऱ्याला एकदाच सांगितलं. "आवो, माझा भाऊ पोस्टीसाठी रुसला न्हाई. मानासाठी रुसला. फेटा घ्या अन् जा."

फेटा मी दिला, माझ्याच दुकानातला, केशरी. आणि सरांबरोबर गाडीत बसलो, कारण सहसचिवाला काहीतरी काम पाहिजेच ना. परभणी गेलं, नांदेड गेलं, सर खिडकीतून बाहेर पाहत राहिले. भाषण तयार करत असतील असं मला वाटलं. निजामाबादच्या दुकानात मोटारपंपांच्या मधे सर्जेराव बसले होते. सर आत गेले, ब्लेझर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सर्जेराव, चुकलं माझं. बिलकुल चुकलं. मी मांडवात मैदान घेऊन गेल्तो."

सर्जेराव आधी गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. मग म्हणाले, "दाजी, मला तुमची पोस्ट नगं, का तुमचा महासंघ नगं. भाचीच्या मांडवात माइकवर माझा मान गेला. तो माइकवरच परत पायजे. तुमच्या स्पर्धेला पैला फेटा माझा. नात्यानं. राज्यानं न्हाई."

"बराबर हाय," सर म्हणाले. "नात्यानंच हुईल."

तिथंच केशरी फेटा बांधला गेला. दुसरा राष्ट्रीय महासंघ चहाच्या कपाबरोबर विसर्जित झाला. त्याच्या पत्रलेखनाच्या कागदाचं रिम सर्जेरावांनी पंपाची बिलं करायला ठेवून घेतलं.

स्पर्धेला दिल्लीचे निरीक्षक आले. शांत, चष्मेवाले गृहस्थ. त्यांना बसायला माझ्या शेजारची खुर्ची दिली होती, कारण माझं हिंदी बरं असा समज होता. आठही राज्यं मैदानात होती. सहा राज्यांत तर खरेखुरे खेळाडूही होते. उद्घाटनाच्या सत्काराची यादी या वेळी सरांनी केलीच नाही. ती वहिनींनी केली, आणि माइकवाला लग्नातलाच होता. त्याला दुसरा कुठला सूर येतच नव्हता.

"आता पहिला मान," त्यानं सुरुवात केली, "नवरीचे मामा, तेलंगणाचे अध्यक्ष, सर्जेरावजी!"

टाळ्या पडल्या. मग त्यानं नवरीच्या आत्याचे मालक म्हणून कर्नाटक पुकारलं. मग चुलतभाऊ गुजरात. मग आतेभाऊ दिल्ली.

निरीक्षकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "भाईसाहब, ये दुल्हन कौन है?"

मी शिंपी माणूस. खोटं बोलायचा माझा सराव 'परवा नक्की देतो' एवढ्यापुरताच. दुल्हन महासचिवांची मुलगी, महिन्यापूर्वी लग्न झालं, हे मी सांगून टाकलं. ते हसले नाहीत. पुढचे सगळे फेटे त्यांनी फार लक्ष देऊन पाहिले.

मांडवात सरांनी मैदान नेलं होतं. मैदानात वहिनींनी मांडव आणला. दोन्हीकडचा मान राखायच्या नादात दिल्लीला सगळं घर आतून दिसलं.

मग फलक पळाली. वळणावर बाकीच्यांच्या रिमा आडव्या व्हायच्या, तिची नुसती कलायची, जमिनीला कान लावल्यासारखी, आणि पुन्हा उभी राहायची. शेवटच्या वळणावर वारा आडवा आला. काठी तिनं रिमेला टेकवली, तेवढंच. निरीक्षक खुर्चीवरून उठून उभे राहिले. सर दोरीपलीकडून तिच्या बरोबरीनं पळत होते, ब्लेझरची बटणं ताणून, तोंडानं काहीतरी ओरडत. 

संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत निरीक्षक बसले. सर होते, मी होतो. "खेल सच्चा है, मास्टरजी," ते म्हणाले. "मैं लिख के दूँगा. लेकिन एक शर्त है. जिसके हाथ में सही-सिक्का है, उसका कोई रिश्तेदार पदाधिकारी नहीं रहेगा. या तो रिश्तेदार हटेंगे, या महासचिव."

मी मनात हिशेब केला. सोयरे काढले तर राज्यं जातात, राज्यं गेली की मान्यता जाते. शिवाय सगळ्या खानदानात पुन्हा काचा वर. महासचिव काढला तर एकच माणूस जातो. सरांनीही तोच हिशेब केला असणार, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. वर्षानुवर्षं पोरांच्या सुट्ट्या, घरचे सण, मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी या पदावर उधळलं होतं. हा माणूस आता भांडेल, नियमावलीतलं कलम काढेल, पोटकलम काढेल, असं मला वाटलं. मी तर वाटच पाहत होतो.

"मला आठ दिवस द्या," एवढंच सर म्हणाले.

आठ दिवस लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. शाळेला दांडी मारली होती. त्यांनी हातातला ब्लेझर माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला.

"फहीमभाई, ह्यो तुमच्या मापाचा करून घ्या."

"माझ्या?"

"समद्या महासंघात माझा कुणीच लागत न्हाई असा एकच माणूस हाय. तुम्ही. रात्री समद्यांला फोन लावले. सर्जेराव पैले हो म्हणले." त्यांनी खिशावरच्या जरीच्या चाकावर बोट टेकवलं. "इस्माईलभाईच्या दुकानात बघता ना तुम्ही. रिम पळवायची असली तर मधला हब आधी काढावा लागतो."

"सर, मला चाकदौडीतलं काय कळतं?"

"कळायला कशाला पायजे? ब्लेझर अंगाला बसला म्हंजी झालं." हे ते हसत म्हणाले. नंतर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी कात्री शोधत असल्यासारखं केलं.

अशा रीतीनं जुन्या जालन्यातला एक शिंपी देशाच्या एका खेळाचा महासचिव झाला. रिम मी आयुष्यात पळवलेली नाही. लहानपणी एकदा पळवायला गेलो आणि गटारात पडलो. पण तेवढ्यानं अडत नाही, हे मी इतकी वर्षं छताखाली बसून शिकलोच होतो.

मान्यता आली. सरांच्या नावे पत्र आलं नाही, माझ्या नावे आलं. फलकच्या नव्या प्रमाणपत्रावर सही माझी. तिनं ते हातात घेतलं, सही वाचली आणि म्हणाली, "चाचा, यहाँ सर का नाम होना था." मग ते घेऊन ती बदनापूरला शाळेत गेली आणि सरांना दाखवून आली. या भरतीत ती उभी राहिली तेव्हा तिच्या प्रमाणपत्राला कुणी हसलं नाही.

पुढची राष्ट्रीय स्पर्धा परतूरला झाली. माइकवरून फेटे पुकारले, आधी महासचिव, मग राज्यं, वर्णानुक्रमे. सर्जेराव आपल्या पाळीनं आले, फेटा बांधून गेले. धर्मराज सर वहिनींबरोबर लोकांत बसले होते. त्यांना फेटा नव्हता. ज्याच्याकडं पद नाही, राज्य नाही, त्याला फेटा देता येत नाही, असं नियमावलीत आहे. ते कलम सरांनीच घातलेलं.

माझ्या अंगात त्यांचा ब्लेझर होता. मी सरांच्या निम्म्यानं बारीक, त्यामुळं दोन्ही कुशींतून बरंच कापड कमी करावं लागलं. पण कात्री लावली नाही मी त्याला. सगळं आत दुमडून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलंय. बसल्यावर ते बरगडीला टोचतं.